हळदीची केस आणि आजीचा बटवा

"हळदीचं पेटंट अमेरिकेने ढापलं होतं, ते माशेलकरांनी परत आणलं." ही गोष्ट माझ्या पिढीने शाळेत इतक्या वेळा ऐकलीय की पाढ्यांसारखी पाठ झालीय. वक्तृत्व स्पर्धेत, 'माझा आवडता शास्त्रज्ञ' या निबंधात, पंधरा ऑगस्टच्या भाषणात. शेवटसुद्धा ठरलेला. आजीबाईच्या बटव्याने अमेरिकेला हरवलं! टाळ्या.

केस आपण जिंकलो हे शंभर टक्के खरं आहे. पण बटव्याची साक्ष त्या केसमध्ये झालीच नाही. जिंकला तो कागद. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेल्या (आणि बऱ्याचदा न लिहिलेल्या) डॉक्युमेंटेशनशी मारामारी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो. तर या शनिवार-रविवारी त्याच्याबद्दल.

आधी केस काय होती ते बघू. अमेरिकन पेटंट क्रमांक ५४०१५०४. अर्ज डिसेंबर १९९३ चा, पेटंट मिळालं मार्च १९९५ मध्ये. अर्जदार मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातले सुमन दास आणि हरिहर कोहली. हो, दोघंही मूळचे आपलेच! पेटंट हळदीवर नव्हतं, हळदीने जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर होतं. पोटातून किंवा वरून लावून हळदीची पूड द्यायची, म्हणजे जखम लवकर भरते. असे एकूण सहा दावे. त्यामुळे "उद्या वरणात हळद टाकली तर रॉयल्टी द्यावी लागली असती" वगैरे जे आपण ऐकतो ते सोडून द्या. वरण सुरक्षित होतं.

गंमत अशी की भारतात मुरगळणं, सूज यांवर हळद पूर्वापार वापरतात, हे त्या अर्जातच लिहिलेलं होतं. म्हणजे परीक्षकाला हळद आणि भारत यांचं नातं माहीत नव्हतं असं नाही. मग पेटंट मिळालं कसं?

इथे त्या काळचा अमेरिकन कायदा समजून घ्यावा लागतो. पेटंट मिळायचं तर गोष्ट नवी हवी. पण 'नवी' म्हणजे काय? अमेरिकेत एखादी गोष्ट लोक आधीपासून जाणत असतील किंवा वापरत असतील, तर ती जुनी. अमेरिकेबाहेर वापरत असतील तर मात्र ती जुनी धरायची नाही, जोवर ती कुठे छापलेली किंवा पेटंट केलेली नाही तोवर. म्हणजे कोल्हापूरपासून कोलकात्यापर्यंत कोट्यवधी आयांनी पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली, तरी कायद्याच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. छापील एक पान दाखवा, मग बोलू!

१९९५ मध्येच डॉ. रघुनाथ माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला, सीएसआयआरचे महासंचालक म्हणून गेले होते. माणूस मूळचा गोव्यातल्या माशेलचा, वाढला मुंबईत, अत्यंत गरिबीत. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. सोबत काय जोडलं? आजींची शपथपत्रं नाहीत. बत्तीस संदर्भ. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांमधले उतारे, काही शंभराहून जास्त वर्षं जुने, आणि त्यांच्या जोडीला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक शोधनिबंध. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सहाच्या सहा दावे फेटाळले. या लढ्याला पुढे 'हळदीघाटीची लढाई' असं नावही मिळालं.

आता याच्या शेजारी कडुनिंबाची केस ठेवून बघा. ती युरोपातली, म्युनिकची. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस नावाची कंपनी यांना १९९४ मध्ये कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपियन पेटंट मिळालं होतं. ते २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही रद्दच राहिलं. युरोपचा कायदा वेगळा आहे. तिथे जगात कुठेही, कुठल्याही मार्गाने लोकांसमोर आलेली गोष्ट जुनी धरतात. त्यामुळे तिथे पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष चालली. पेटंटच्या आधीच आपण असं तेल काढून वापरलंय, हे त्याने सांगितलं. एकाच देशाचं एकाच प्रकारचं ज्ञान, पण म्युनिकमध्ये माणूस बोललेला चालतो आणि वॉशिंग्टनमध्ये फक्त पुस्तक! (अमेरिकेने हा नियम नंतर बदलला. २०११ चा कायदा, तो मार्च २०१३ पासून लागू झाला.)

बरं, मग हे कागद आपल्याकडे आले कुठून? कोणी लिहून ठेवलं? आणि काय लिहायचं राहिलं? त्यासाठी आधी हळदीकडेच जावं लागेल.

हळद हे विचित्र झाड आहे. तिला फुलं येतात, पण आपण लावतो त्या हळदीला रुजणारं बी बहुधा धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे बी पडलं, पक्ष्याने खाल्लं, दुसरीकडे उगवलं हा प्रकारच नाही. गड्डा खणायचा, त्यातला जपून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मातीत घालायचा. आज आपल्या डब्यात जी हळद आहे, तिची वंशावळ म्हणजे माणसांनी एकमेकांच्या हातात दिलेल्या गड्ड्यांची साखळी आहे. हजारो वर्षांची कॉपी-पेस्ट म्हणा हवं तर. हरियाणातल्या फरमाणा इथे हडप्पाकालीन भांड्यांवर आणि दातांवर आलं-हळदीच्या पिठूळ कणांचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे चार हजार वर्षांपलीकडची गोष्ट. मध्ये एका पिढीने जरी कंटाळा केला असता तर साखळी तुटली असती.

हा गड्डा हातातून हातात देण्याचा व्यवहार आपल्याकडे सगळ्यात ठळक दिसतो तो सांगलीला. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर लागवड सुरू. बेण्याला जेठे गड्डे, म्हणजे मुख्य खोडाखाली तयार झालेले मोठे. हेक्टरी साधारण २५ क्विंटल बेणं लागतं. पावसाळ्यात पानं कमरेच्या वर जातात. मग भरणी करायची (बुडाशी माती लावायची), नाहीतर गड्डे उघडे पडतात. पाणी साचलं की कंदकुज. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळून आडवा पडला की काढणी. काढलेली हळकुंडं काहिलीत शिजवतात. शिजली का हे कसं बघायचं? काडी टोचायची, सहज आरपार गेली पाहिजे. मग उन्हात वाळवायची. वाळली का हे कसं बघायचं? मोडून बघायचं, कट्टकन आवाज आला पाहिजे. मग ड्रममध्ये घालून पॉलिश. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे आणि आता हे सगळं तिथल्या पुस्तिकांमध्ये मिळतं. पण काडी आणि कट्टकन आवाज हे मूळचं ज्ञान पुस्तिकेतलं नाही, बोटांतलं आणि कानांतलं आहे.

आणि साठवण? सांगलीला लागून कृष्णाकाठी हरिपूर आहे. तिथली माती अशी की जमिनीत खोल खड्डा खणून त्यात हळद भरली आणि तोंड बंद केलं, तर ती वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. या खड्ड्यांना म्हणतात पेव. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, कारण आतली हवा श्वास घेण्यासारखी नसते. आपण "क्लासेसचं पेव फुटलंय" म्हणतो ना, ते हेच. पेव फुटलं की माल धो-धो बाहेर येणार! २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांमध्ये पाणी शिरलं, हळद नासली आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कुठली माती पेवाला चालेल आणि कुठली नाही, हे नुसतं बघून सांगणारी माणसं मानांकनाने परत येत नाहीत. म्हणी-वाक्प्रचारात पेव राहिलं, जमिनीत संपत आलं.

असो. आता लिहिलेल्या गोष्टींकडे.

चरकसंहितेत हरिद्रा आहे. त्वचारोगांवरच्या गणात आहे आणि विषावरच्या गणातही आहे. सुश्रुतात तर हरिद्रादी नावाचा गणच आहे. पण शोधायला गेलात की गोची होते. हळदीला संस्कृतात एक नाव नाही. अमरकोशात कांचनी, पीता, वरवर्णिनी आणि निशाह्वा अशी नावं आहेत. यातलं शेवटचं भारी आहे. निशाह्वा म्हणजे रात्रीचं नाव असलेली. म्हणजे रात्रीला जे जे शब्द आहेत ते सगळे वैद्य हळदीला वापरू शकतो. निशा, रजनी... मधुमेहावरच्या प्रसिद्ध 'निशा-आमलकी'तली निशा म्हणजे हळदच. आता कल्पना करा, अमेरिकेतला परीक्षक सर्च बॉक्समध्ये इंग्रजी नाव टाकून बसलाय आणि आपला पुरावा एका श्लोकात 'रात्र' या नावाखाली झोपलाय. रिझल्ट शून्य येणार नाहीतर काय होणार?

दुसरा कागद गोव्याचा. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. (होय, अख्खं बेट. आपण वन बीएचकेच्या डिपॉझिटसाठी मरतोय.) १५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं, भारतातल्या औषधींवर, संवादांच्या रूपात. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात हळदीवर एक प्रकरण आहे, 'इथलं केशर' म्हणून. इथल्या वैद्यांकडून ऐकलेलं, बाजारात बघितलेलं, बागेत लावलेलं असं त्याने लिहिलं. हे पुस्तक पुढे लॅटिनमध्ये संक्षिप्त होऊन युरोपभर फिरलं. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेलं होतं. छापील कागदाची ताकद ही अशी.

तिसरा कागद मला सगळ्यात आवडतो. डच अधिकारी वान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ केला. ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात तो छापला. माहिती कोणी दिली? इट्टी अच्युतन नावाचा मल्याळी वैद्य आणि तीन कोकणी वैद्य, रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट. यांचे पूर्वज गोव्यातून कोचीकडे गेलेले. पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र छापलंय, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. आपण ही माहिती दिली, असं त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही 'काँट्रिब्यूटर्स'ची यादी आहे, राव! नाहीतर एरवी अशा ग्रंथांत सांगणारा 'एक स्थानिक वैद्य' म्हणून राहतो आणि लिहिणारा अमर होतो.

चौथा कागद शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. मी राहतो खांदेश्वरला. हार्बर लाइनवर पुढचं स्टेशन पनवेल. तिथे १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर सुरू केलं, आणि ते आजही चालू आहे. वैद्याच्या खलबत्त्यातलं औषध कारखान्याच्या बाटलीत गेलं. बाटली आली की लेबल आलं, प्रमाण आलं, दरवेळी तेच आणि तेवढंच घालायची शिस्त आली. याच सुमाराला मराठीतही लिहिणं सुरू होतं. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनौषधींवर भरपूर लिहिलं आणि १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांना संघटित केलं. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' १९२७ चा. १९६४ मध्ये औषध कायद्यात आयुर्वेदाचा भाग आला आणि त्याला ग्रंथांची एक यादी जोडली गेली. शास्त्रोक्त औषध म्हणजे या यादीतल्या ग्रंथात सांगितल्याप्रमाणे केलेलं. म्हणजे आपल्या स्वतःच्या कायद्यानेही तेच म्हटलं, कागद दाखवा!

तेव्हा १९९७ मध्ये जिंकलं कोण? ही सगळी लिहिणारी आणि नकलून ठेवणारी माणसं, आणि ऐनवेळी ते शोधून काढणारे सीएसआयआरचे लोक.

यातून धडा घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. चार लाखांहून जास्त औषधयोग, जुन्या ग्रंथांतून काढून इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत. खरी मेहनत भाषांतराची नव्हती, वर्गीकरणाची होती. 'निशा', 'रजनी', 'हरिद्रा' हे सगळे एकाच कोडखाली आणायचे, आणि जुन्या रोगांची नावं आजच्या नावांना जोडायची. डेटाबेसवर काम केलेल्या कोणालाही याचा घाम कळेल. २००९ पासून युरोपियन पेटंट कार्यालयाला ते वापरायला मिळालं, मग इतरांना. २०२२ मध्ये ते आणखी लोकांना खुलं करायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर फॉरवर्डवाले खूश होतील. पेटंट रद्द झालं याचा अर्थ 'हे नवीन नाही' एवढाच. 'हे औषध सिद्ध झालं' असा नाही. पुडीतल्या हळदीत कुर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, आणि ते पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मिऱ्यातल्या पिपरीनसोबत दिलं तर शोषण बरंच वाढतं असं दाखवलं. पण २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्यात म्हटलंय की इतके अभ्यास होऊनही कुर्क्युमिनचा कुठल्याही रोगावर पक्का उपयोग सिद्ध झालेला नाही. कुर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. दुधात चमचाभर घाला, गोड मानून प्या. पण जखम खोल असेल तर आधी साबण-पाणी, मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. परंपरा लिहून ठेवायची ती तपासता यावी म्हणूनसुद्धा!

आणि आता जे मला खरं म्हणायचंय ते. त्या डिजिटल ग्रंथालयात मुख्यतः ग्रंथ आहेत. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग. ज्यांच्याकडे ग्रंथच नव्हते त्यांचं काय? पनवेलच्या बाजारात पावसाळ्यात डोंगराकडून कातकरी, ठाकर बायका येतात. टोपलीत रानभाज्या, कंद, मुळ्या. कर्नाळा-माथेरानच्या पट्ट्यातलं कुठलं मूळ कशावर, किती, आणि कधी अजिबात नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्याचा श्लोक नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची सोय केली. ही कल्पना घडवण्यात माधव गाडगीळांचा मोठा वाटा. कल्पना उत्तम आहे. पण फॉर्म भरून टार्गेट पूर्ण केलेली नोंदवही आणि त्या बाईजवळ बसून, तिच्या नावानिशी लिहिलेली नोंद यात रंगा भट आणि 'एक स्थानिक वैद्य' एवढाच फरक आहे.

आपल्या क्षेत्रात हे सगळ्यांनी भोगलंय. जुना सीनियर राजीनामा देतो. नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात नॉलेज ट्रान्सफरच्या नावाखाली दोन मीटिंगा होतात. तो जातो, आणि महिन्याभराने सर्व्हर बंद पडतो तेव्हा कळतं की ती एक स्क्रिप्ट का चालवायची हे फक्त त्यालाच माहीत होतं. आजी नोटीस पीरियड देत नाही, एवढंच.

बाल्कनीत ऊन असेल तर हळद लावून बघा. खांदेश्वरच्या आमच्या इमारतीत कुंडीत मस्त येते. मे महिन्यात डोळे फुटलेला गड्डा बारा इंची कुंडीत दोन-तीन बोटं खोल घालायचा, पाणी साचू द्यायचं नाही. नागपंचमीला आणि गणपतीत पातोळ्यांना घरची पानं मिळतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाला पिवळा पडला की ओली हळद. एक गड्डा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा, साखळी चालू.

आणि गावाला गेलात की आजीला, काकूला, शेजारच्या मावशींना विचारून लिहून घ्या. "मुका मार लागला की लावतो" एवढ्यावर थांबू नका. साधी हळद की आंबेहळद? (दोन्ही वेगळ्या, बरं का.) पाण्यात उगाळून की तेलात? गरम की गार? किती दिवस? कोणाला द्यायचं नाही? हे तुम्हाला कोणी शिकवलं? शेवटचा प्रश्न विसरू नका. आणि वहीच्या वरच्या कोपऱ्यात सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख.